डांगराची पहिली चीर

२ सप्टेंबर १९६४, चिखली
छबीची डबी आज बालवाडीतून पुन्हा भरलेलीच परत आली. मेथीचे मुटके दिले होते. सगळे तसेच, फक्त एकाला दातांची खूण. म्हणजे चाखून नापास केला. तीन वर्षांची पोर, पण परीक्षक कडक.

काल दवाखान्यात नेलं होतं. पंधरवडा झाला, दिवेलागणीला तिला काहीतरी होतं. पाण्याच्या घंगाळाला धडकते, पायरी चुकते. परवा उंबऱ्यात बसून रडायला लागली, "आई, तू कुठी हायेस?" मी तिच्या समोरच उभी होते.

डॉक्टर म्हणाले रातांधळेपणा, सुरुवात आहे. माशाचं तेल लिहून दिलं. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ पुढं केली. "पोरीच्या पोटात मासोळी गेली तर मी अन्न सोडीन, साहेब." डॉक्टर भडकले. मग जरा निवून माझ्याकडं बघून म्हणाले, हिरवा पाला आणि पिवळी फळं-भाज्या, रोज. नागा नाही. दसरा झाला की आणून दाखवा. तेव्हा फरक नसेल तर मी कोणाची माळ पाहणार नाही, पुढं गेलं की बुबुळ जातं, मग माझ्याही हातात काही राहत नाही.

 आणि ही बया पाल्याचं एक पान पोटात जाऊ देत नाही.

४ सप्टें.
शेवग्याचा पाला तुरीच्या भरड्यात घालून फुणके वाफवले. बारीक चिरला होता, इतका की मलाच दिसेना. छबीनं फुणका फोडला, तांदूळ निवडावे तसा पाला निवडून ताटाच्या कडेला लावला आणि उरलेला भुगा खाल्ला. अंधारात दिसत नाही म्हणे. उजेडात मात्र घारीचे डोळे.

सासूबाई : "काऊन छळून राह्यली पोरीले? गुळाशी भाकर दे न साधी."

त्यांना राग येतो तो माझ्या हट्टाचा. मला त्यांच्या माळेचा. दोघी बोलत नाही, भांडी बोलतात.

५ सप्टें., शनिवार
हे मेहकरहून संध्याकाळच्या एस.टी.नं आले. (तिथं शाळेवर आहेत, शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात.) सगळं सांगितलं. बुबुळाचंही.  मग छबीला मांडीवर घेऊन शेळीसारखे में-में करत पालकाची भाजी खाऊ लागले, म्हणजे ती बघून खाईल. तिनं आपल्या वाट्याची भाजीही त्यांच्याच तोंडात कोंबली. दोन ताटांची भाजी ह्यांनी खाल्ली. रातांधळेपणा आता ह्यांना तरी होणार नाही.

८ सप्टें.
ठरवलं, आता खाऊ घालायचं नाही, नुसतं बघायचं. ही दिवसभरात आपणहून काय काय खाते?

भाजलेल्या शेंगा. भाकरीचा पापुद्रा, तोही करपलेला. कच्ची तुरीची डाळ. गूळ. भिंतीचा पोपडा (काढून घेतला). वरण-भात भरवला तर थुंकते, पण त्याच भाताची बुडाला कडक झालेली खरड मागून घेते.

म्हणजे? मऊ नको. भरवलेलं नको. आपल्या मुठीत मावलं पाहिजे आणि तोडताना आवाज झाला पाहिजे. मी इतके दिवस चवीच्या मागं होते.

११ सप्टें.
शेवग्याचा पाला सावलीत वाळवून पूड केली. कणकेत पूड, तीळ, ओवा, मीठ. पातळ लाटून शंकरपाळ्या कापल्या, तव्यावरच थोड्या तेलात कडक केल्या. डबी रिकामी आली. उरलेल्या घरी ठेवल्या होत्या. ओसरीत बसून खात होती, आम्ही दोघी दाराआड कान लावून उभ्या. कुरुम कुरुम.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "उंदरावाणी खाऊन राह्यली." आज पहिल्यांदा आम्ही दोघी एकदम हसलो.

पण पुडीनं पुरेसं होतं का? डॉक्टर म्हणाले पाला, वाळवलेला की ओला ते विचारायचं राहिलं. मला सगळं नंतर सुचतं.

१४ सप्टें.
आगाऊपणा नडला. अळूच्या वड्या कडक तळल्या, चिंच घालायची विसरले. छबीचा घसा खवखवला, तासभर रडली. आता हिरवं काहीही दिसलं की तोंड मिटून घेते. शंकरपाळीसुद्धा उजेडाला धरून बघितली आणि टाकली. पहिल्यापासून सुरुवात.

संध्याकाळी घंगाळाला पुन्हा धडकली. कपाळाला टेंगूळ. मी चुलीपाशी बसून रडले. सासूबाईंनी तिच्या कपाळाला हळद लावली.

१७ सप्टें.
बालवाडीच्या बाई आज दारात उभं राहून म्हणाल्या, "तुमच्या छबीनं आज सखूची डबी संपवली. सखूले एकबी घारी भेटली नाही, रडली बिचारी."

सखू शेजारच्या शांताबाईची. भिंतीला भिंत. मी तशीच हात पुसत गेले. कसली घारी?

"डांगराच्या वो," शांताबाई म्हणाली. "वेल माजला हाये घरामांगच्या वाडग्यात, खाऊन सरत नाही. किसाचं, गुळात शिजवाचं, मावन तेवढी कनिक. तव्यावर कडक करते मी, सखूले मऊ नाही चालत."

डांगर, म्हणजे लाल भोपळा. पिवळं, नुसतं पिवळं नाही, केशरी. आणि कडक, आणि मुठीत मावणारं. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? येताना जरा विचार केला तेव्हा कळलं. लग्न झाल्यापासून पाच वर्षांत या घरात डांगर पाहिलेलंच नाही. डोळ्यांसमोर नाही ते डोक्यात कुठून येणार.

१८ सप्टें.
सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, शांताबाईकडून एक डांगर आणते.
"आपल्या घरात डांगर येत नाही."
काऊन?
"येत नाही म्हंजे येत नाही."
आणि उठून गेल्या. वातींसाठी कापूस वेचायला बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत वेचत होत्या.

कुळाचार असेल का? काही घरांत एखादी भाजी देवाला वाहिल्याशिवाय खात नाहीत. पण तसं असतं तर सांगितलं असतं, कुळाचार सांगायला त्यांना आवडतं.

१९ सप्टें., शनिवार
ह्यांना विचारलं. "नसते आपल्याकडे, लहानपणापासून नाही. आईला आवडत नसेल." इतकंच. चाळीशीकडं चाललेल्या माणसाला कधी विचारावंसं वाटलं नाही, आपल्या घरात डांगर का नाही. मला तर कालपासून दुसरं काही सुचत नाही. मी म्हटलं, तुमच्या शाळेतल्या पोरांना तुम्ही प्रश्न विचारायला शिकवता ना? हे म्हणाले, "पोरांना शिकवतो. बायकोला शिकवायची गरज पडली नाही."

२२ सप्टें.
शांताबाईच्या चुलीवर घाऱ्या केल्या. तिनं सबंध डांगर काढून ठेवलं होतं, पण विळी लावली नाही. तिचे मालक गणपतभाऊ बैलाला पाणी पाजून येईपर्यंत आम्ही दोघी नुसत्या बसलो. ते आले, सुरीनं डांगराला एक चीर पाडली, हात धुऊन गेले. पुढचं सगळं आम्ही.

माहेरीही असंच. डांगर म्हणजे घरातला थोरला लेक, बाईनं त्याला पहिली सुरी लावायची नसते. लावली तर थोरल्यावर येतं म्हणतात. आमच्याकडं दादाला हाक मारायचो, दादा चीर पाडून द्यायचा आणि भाव खायचा. मला नेहमी हसू यायचं. एवढं सोलायचं, किसायचं, शिजवायचं बाईनं, त्यात लेकाला काही होत नाही, तेवढ्या पहिल्या चिरेनंच होतं. आज शांताबाईलाही म्हटलं. ती म्हणाली, "हसू नोको माय. बसाचं जरा, काय जाते आपलं?"

छबीनं घाऱ्या कडाकडा खाल्ल्या. घरी सांगितलं, गुळाच्या आहेत.

२५ सप्टें.
पकडली गेले. सासूबाईंनी छबीचा हात नाकाशी नेला आणि माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलायच्या तयारीत होते.

"शांताच्या घरी करून आनतेस न?"
हो.
"आन. पोरीसाठी आन. पन सबंध डांगर या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नोको."

म्हणजे शिजलेलं चालतं. चिरलेलं चालतं. सबंध नको. चवीचा प्रश्न नाही तर, कुळाचाराचाही नाही. मग सबंध डांगरानं काय केलंय यांचं?

२९ सप्टें.
मामंजींची तिथी. हे रजा काढून आले. कढी, वडे, गवार, खीर, गिलक्याची भजी. आज गावात घरोघरी पित्रांच्या ताटात डांगराची भाजी असते, आमच्याकडं नाही. यंदा ते नजरेत आलं, इतकी वर्षं कसं आलं नाही कोण जाणे.

दुसरंही एक यंदाच दिसलं. सगळी पानं वाढून झाल्यावर सासूबाईंनी मागच्या दारी एक पान नेलं. एवढंसं, तळहाताएवढं पळसाचं पान. त्यावर खीर, एक वडा. मी मागं गेले.
कोणाचं हे?
"हाये एकाचं."
ह्यांना विचारायचं होतं, विचारलं नाही. हे जेवून झोपले होते, आणि मला वाटलं, यांनाही माहीत नसेल.

२ ऑक्टो.
घाऱ्या रोज. एक दिवस डांगराच्या, एक दिवस डांगर आणि शेवग्याची पूड एकत्र. रंग चिखलासारखा होतो, पण डांगराचा गोड वास येतो म्हणून खाते. डाळीच्या पिठात डांगराचा कीस घालून कडक थालीपीठ केलं, तेही गेलं. सखू आणि छबी आता डब्या बदलून खातात म्हणे. कोणाचं कोण खातंय देव जाणे, पण दोन्ही डब्या रिकाम्या.

डोळ्यांचं कळत नाही. बरं वाटतं म्हणावं तर दुसऱ्या दिवशी अडखळते. दसरा जवळ येतोय.

५ ऑक्टो., सर्वपित्री
आज सांगितलं त्यांनी. मी विचारलं नव्हतं. दुपारी दोघी अंगणात शेंगा फोडत होतो, छबी झोपलेली. जसं आठवतं तसं लिहून ठेवते.

ह्यांच्या आधी एक मुलगा होता. दत्तू. छबीएवढा असताना गेला. हे तेव्हा पाळण्यात, म्हणून यांना माहीत नाही, कोणी सांगितलं नाही.

"खाईच ना काही. वाळून गेल्ता. एक दिवस म्हने, डांगराची भाजी दे. आपल्या तोंडानं मांगितलं लेकरानं. घरात मानूस नव्हता कोनी, समदे वावरात. कोनाले बोलावू? मी म्हटलं, काय होते. मीच लावली विळी. खाल्ली त्यानं, पोटभर खाल्ली. चवथ्या दिवशी ताप भरला, अन् गेला."

शेंगा फोडायच्या थांबल्या नव्हत्या. हात चालूच.

मी म्हटलं, आत्याबाई, तापानं गेला तो. त्या म्हणाल्या, "ताप कायनं आला?"

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, सवय आहे ना, प्रश्न निघून जातो. दिवेलागणीला दिसायचं का त्याला नीट?

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "धडपडे लई. आम्ही म्हनो, धांदरट हाये."

६ ऑक्टो.
काल झोप नाही. माझ्या मनात आलं ते लिहू का? लिहिते, इथं कोण वाचतंय.

त्या लेकरालाही हेच होतं. नुसते डोळे नाही, सगळं अंगच उपाशी होतं त्याचं. त्यानं डांगर मागितलं ते अंगानं मागितलं असेल. त्या डांगरानं त्याला मारलं नाही, मिळालंच उशिरा.

मला वाटतं तरी असं. मी डॉक्टर नाही.

हे त्यांना सांगावं? तीस-पस्तीस वर्षं त्या मानत आल्या की मी चिरलं म्हणून गेला. ते ओझं उतरेल. पण मग लगेच दुसरं चढेल, की आधीच चिरायला हवं होतं. रोज चिरायला हवं होतं. माणसाची वाट न बघता. कोणतं हलकं? मला कळत नाही. पहिल्यांदाच असं झालंय की एखादी गोष्ट मला कळली आणि कोणाला सांगावीशी वाटत नाही.

माळेवरून मी त्यांच्यावर किती चिडले होते. देवाला चुकून दुखवायची भीती त्यांच्या हाडात बसलीय, आणि मी तिला हट्ट समजत होते.

१० ऑक्टो., शनिवार
दिवे लागायच्या वेळी शेजारचं करडू सुटून अंगणात आलं. छबी त्याच्यामागं धावली, घंगाळाला वळसा घातला, तुळशीला वळसा घातला, शेपूट धरली. मी ओट्यावर उभी. हाक मारायचं भान राहिलं नाही. हे म्हणाले, अगं तिला दिसतंय. सासूबाई आत गेल्या, देवाजवळ बसल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

१६ ऑक्टो.
दसरा काल झाला. आज दवाखाना. डॉक्टरांनी बत्ती लावून डोळे पाहिले, खोलीत अंधार करून छबीला चेंडू शोधायला लावला. तिनं शोधला आणि परत दिला नाही.

"काय खाऊ घातलं?"
मी सगळं सांगितलं, अळूच्या वडीसकट. ते हसले. "पाल्यानं आणि डांगरानं सांभाळलं पोरीला. आता थांबवू नका, निदान संक्रांतीपर्यंत रोज द्या. मध्ये बंद केलं तर पुन्हा पहिल्यावर येईल."

 बाहेर आल्यावर लक्षात आलं, सासूबाई मागं दारातच उभ्या राहिल्यात. डॉक्टरांना त्यांनी काही विचारलं का, मला ऐकू आलं नाही.  घरापर्यंत छबीचा हात सोडला नाही.

१८ ऑक्टो.
शांताबाई आणि गणपतभाऊ आज सखूला घेऊन वावरात राहायला गेले. कापूस फुटलाय, दिवाळीच्या तोंडावर येतील. जाताना आमच्या ओट्यावर एक सबंध डांगर ठेवून गेली. भलंमोठं, देठासकट. "पोरीचं अडाले नको. चिरलेलं टिकत नाही, म्हनून सबंध," म्हणाली. मी ते ओट्यावरच पोत्याखाली झाकून ठेवलं. आधीच्या फोडी दोन दिवस पुरतील. मग? हे काल आले नाहीत, शाळेत परीक्षा आहे, आता यायला पुढचा शनिवार उजाडेल. गल्लीतल्या कोणालातरी हाक मारू.

१९ ऑक्टो.
फोडी आजच संपल्या. छबीनं सकाळीच डबी उघडून बघितली, पुरेशा आहेत ना म्हणून. हिला आता हिशेब कळतो.

२० ऑक्टो., मंगळवार
दुपारी छबी बालवाडीतून आली, घारी मागत बसली. मी म्हटलं थांब, कोणी काका दिसतात का बघते. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळे वावरात.

परत आले तर सासूबाई उंबऱ्याच्या आत. पुढ्यात डांगर. स्वतः उचलून आणलं होतं, पदर खांद्यावरून सुटलेला, दम लागलेला. शेजारी विळी.

म्हणाल्या, "इंदू, एक इचारू? तुले समजते म्हनून इचारते." विळीचं पातं पदरानं पुसलं. मग, "त्याले आधी देल्लं असतं तर?"

याच प्रश्नाला मी पंधरा दिवस भीत होते.  मी म्हटलं, मला माहीत नाही, आत्याबाई. खरंच माहीत नाही.

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. विळी माझ्याकडं सरकवली.

"चिर."

मी म्हटलं, संध्याकाळी कोणी ना कोणी येईलच.

"मानसाची वाट पाहाची नाही आता. पोरगी भुकेली हाये. चिर."

मी विळीवर बसले. डांगर दोन्ही हातांनी धरलं. शांताबाईकडं हसणारी मी. दादावर हसणारी मी. छबी समोर उकिडवी बसून बघत होती, तिचे ते डोळे, आता चांगले झालेले. आणि माझा हात पुढं जाईना. थोरली तीच आहे माझी. एकुलती तीच आहे.

सासूबाई माझ्या हाताकडं बघत होत्या.  त्यांना सगळं दिसलं. मग त्या हळूच माझ्याजवळ येऊन बसल्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या.

तव्याखालचा जाळ मी बाहेर ओढून ठेवला आहे. हे लिहायला म्हणून उठले. त्या अजून तिथंच बसल्यात, छबी त्यांच्या मांडीवर. डांगर विळीपाशी तसंच आहे. छबीनं आत्ताच विचारलं, "आजी, घारी कधी?"

आजी म्हणाली, "तुह्या आईले इचार."